पाण्याला एकवचन नाही

॥ राम कृष्ण हरी ॥

सज्जन हो, संस्कृत पाठशाळेत शब्दरूपे घोकताना विद्यार्थ्याची एका ठिकाणी हमखास फजिती होते. राम, हरी, गुरू, नदी, वधू असे शब्द चालवीत चालवीत तो ‘अप्’ या शब्दापाशी येतो. अप् म्हणजे पाणी. सवयीने तो एकवचनाचे रूप म्हणू लागतो, आणि शास्त्रीबुवांची छडी वर होते. कारण या शब्दाला एकवचनच नाही. द्विवचनही नाही. आपः, अपः, अद्भिः, अद्भ्यः, अपाम्, अप्सु. प्रथमेपासून सप्तमीपर्यंत जिकडे पाहावे तिकडे बहुवचन. आणि लिंग म्हणाल तर स्त्रीलिंग. आणखी मौज अशी की, पावसाळा या अर्थी जो ‘वर्षा’ शब्द, तोही बहुवचनीच चालतो, आणि वाळू या अर्थाचा ‘सिकता’ हा शब्दही बहुधा बहुवचनातच येतो. वरून येते ते अनेकांचे, खाली साठते ते अनेकांचे, आणि ज्या वाळूच्या पोटातून ते झिरपत जाते ती वाळूही अनेकांची!

आता कोणी चतुर श्रोता म्हणेल, “बुवा, जल आहे, उदक आहे, तोय आहे, नीर आहे. ह्यांना तर एकवचन आहे ना?” शंका रास्त आहे. मी माझ्यापुरती संगती अशी लावतो. घागरीत भरले, तांब्यात घेतले, आचमनाला तळहातावर आले, म्हणजे ते उदक एकाचे होऊ शकते. तेवढ्यापुरते ‘माझे’ म्हणायला हरकत नाही. परंतु वेदांनी ज्यांना देवता म्हणून हाक मारली, ज्यांना माता म्हटले, त्या ‘आपः’ मात्र नित्य बहुवचनी. आईला ‘माझी’ म्हणता येते. ‘माझी एकट्याची’ म्हणण्याचा अधिकार कोणत्याच लेकराला नाही.

आजच्या निरूपणाचा विषय एवढाच आहे: जमिनीखाली जे पाणी आहे, ते तांब्यातले उदक की नित्य बहुवचनी आपः?

विषय निघाला तो हिवरा आश्रमावरून. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात हे गाव आहे. हिवर हे बाभळीच्या कुळातले काटेरी, कोरड्या रानात तग धरणारे झाड. गावाच्या नावातच कोरड्या रानाची खूण आहे म्हणा ना! शुकदास महाराजांनी तेथे विवेकानंद आश्रम उभा केला आणि गावाच्या नावाला ‘आश्रम’ कायमचे जोडले गेले. पौषात विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो. भाविकांच्या अफाट पंगती बसतात, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरांतून वाढली जाते. पाहणाऱ्याचे डोळे निवतात. पण ज्याला प्रपंचाची जाण आहे त्याच्या मनात प्रश्न उठतो: एवढ्या जिवांचे पाणी येते कोठून? शेजारी कोराडी नदीवर धरण आहे, हे खरे. तरी घराघरात, मळ्यामळ्यात, शाळा-वसतिगृहांत, लग्नाच्या मांडवात जे रोज लागते, त्याचा मोठा भार शेवटी जमिनीखालच्या पाण्यावरच पडतो. वस्ती वाढली, बागा वाढल्या, गरजा वाढल्या. पाऊस मात्र आजोबांच्या वेळी पडायचा तेवढाच पडतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आधी थोडा हिशेब करू. हरिकथेत हिशेब कशाला, असे म्हणू नका. वारीला निघताना शिदोरीचा हिशेब करतोच की आपण!

आपल्या घाटावरच्या भागात वर्षाला साधारण 750 मिलिमीटर पाऊस धरा. एका एकरावर तो पडला की होतात सुमारे 30 लाख लिटर. आकडा ऐकून छाती फुगते. परंतु आपली भूमी काळ्या पाषाणाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त रस वाहिला, थरावर थर निजले, आणि हा दख्खनचा कातळ झाला. वरचा मुरूम, मांजऱ्या खडक आणि कातळातल्या भेगा एवढीच पाण्याला राहायला जागा. बाकी अंग घट्ट. म्हणून पडलेल्या शंभर घागरींतल्या दहा-बारा मुरतात. उरलेल्या नाल्याने वाहून जातात, नाही तर उन्हाने आणि पिकाने उडून जातात. दहावा भाग धरला तर एका एकरात मुरले 3 लाख लिटर.

आता खर्च पाहा. शासनाच्या जलजीवन योजनेत माणशी रोजचे 55 लिटर धरले आहेत. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने वर्षाचे एक लाख लिटर लागते. म्हणजे एका एकरात मुरलेले पाणी तीन घरांना वर्षभर पुरते. उत्सवाला लाख माणसे आली, आणि पिण्याला, हात धुवायला, स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरले, तर झाले 5 लाख लिटर. दोन एकरांत मुरते त्याहून कमीच. तेव्हा गावचे पाणी उत्सवाने संपवले, पंगतीने संपवले, असे जे कोणी म्हणतात त्यांनी पुन्हा मांडून पाहावे.

मग पाणी जाते कोठे? पाटाने भिजवलेला एक एकर ऊस तोडणीला येईपर्यंत 80 लाख ते एक कोटी लिटर पाणी घेतो. त्यातले काही पावसाने दिले तरी 50 लाख तरी खालून उपसावेच लागतात. पन्नास घरांचे वर्षाचे पाणी एका एकरात! केळीचे गणितही याच वाटेने जाते. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. तो पोटासाठी करतो, कर्ज काढून करतो. संत्र्याची बाग डोळ्यांदेखत वाळू लागली म्हणजे तो तीनशे फूट खोदतो, मग पाचशे, मग सहाशे. एक बोअर कोरडे, दुसरे कोरडे, तिसऱ्याला फुफाटा. बायकोच्या गळ्यातले सोने त्या वीतभर भोकात जाते. सज्जन हो, आपल्याकडे संशय आला की म्हणतात, “कोठेतरी पाणी मुरतंय!” आजचे दुःख उलटे आहे. पाणी कोठेच मुरत नाही. आणि उपसा मात्र रात्रंदिवस चालू आहे.

येथे एक संतचरित्र आठवते. महिपतीबुवांनी भक्तविजयात ते गायिले आहे, आणि वारकऱ्यांच्या घरी लहान मुलालाही ते ठाऊक असते. ज्ञानेश्वर माउली आणि नामदेवराय तीर्थयात्रेला निघाले. मारवाडच्या रेताड मुलखात दोघांना तहान लागली. विहीर दिसली, पण पाणी पार तळाला. दोर नाही, पोहरा नाही. बिकानेरजवळ कोलायत येथला हा प्रसंग, असे परंपरा सांगते. माउलींनी योगबळाने सूक्ष्म रूप घेतले, तळाशी उतरून पाणी प्राशन केले आणि वर येऊन म्हणाले, “नामदेवा, तुझ्यासाठीही आणू का?” नामदेवरायांनी डोळे मिटले आणि पांडुरंगाला हाक घातली. पाहता पाहता विहीर उचंबळली, काठोकाठ भरली आणि बाहेर वाहू लागली.

यात माउली लहान आणि नामदेव मोठे असा हिशेब करणाराला भागवतधर्म कळलाच नाही. नामदेवरायांच्या भक्तीची थोरवी जगाला दिसावी म्हणून माउलींनीच ही लीला केली. पण चरित्रात दोन वाटा स्पष्ट दाखविल्या आहेत. एक वाट पाण्यापर्यंत खाली जाण्याची. ती सिद्धाची वाट. ज्याच्यापाशी सामर्थ्य आहे त्यालाच ती साधते. दुसरी वाट पाणी वर आणण्याची. ती भक्ताची, ती झाली की पुढून येणारा वाटसरू, गुराखी, मुकी जनावरे, चिमण्यासुद्धा काठावरच तृप्त होतात. आज आपण काय करतो? अंगी योग नाही, सिद्धी नाही. तरी दहा अश्वशक्तीची मोटर बसवून पहिली वाट धरतो. माउलींनी निदान विचारले, “तुझ्यासाठी आणू का?” आम्ही तेही विचारीत नाही! ज्याचा पैसा मोठा त्याचे भोक खोल, आणि शेजाऱ्याच्या विहिरीत कासव उताणे.

खडकाचे शास्त्र जाणणारेही हेच सांगतात. काळ्या कातळात दरवर्षी भरणारे पाणी मुख्यतः वरच्या थरात, विहिरीच्या खोलीत असते. त्याच्या खाली फक्त भेगा. खोल बोअर मारले की पुष्कळदा नवे पाणी लागतच नाही. वरच्या थराचे पाणी त्या नळीने खाली गळते आणि आसपासच्या दहा विहिरी आटतात. एकाला वाटते मला झरा लागला. वस्तुतः शेजाऱ्याची घागर याच्या घरात लवंडलेली असते.

“परंतु बुवा, जमीन माझी, सातबारा माझ्या नावचा, मग खालचे पाणी कोणाचे?” हा पूर्वपक्ष बळकट आहे. उत्तर दोन ठिकाणी पाहू. राज्याने 1993 साली कायदा केला की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदू नये. पुढे 2009 चा भूजल अधिनियम झाला, तो 2014 साली अमलात आला. त्याने 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटले आणि अधिसूचित क्षेत्रात ती मना केली. हा झाला राजदंड. धर्मदंड याहून जुना आहे. आपल्या धर्मशास्त्रात यज्ञयाग म्हणजे ‘इष्ट’ आणि विहीर, तळे, बाग, अन्नछत्र म्हणजे ‘पूर्त’. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी काशीत बसून बारा मयूख लिहिले. त्यांत एक संपूर्ण मयूख उत्सर्गाचा. उत्सर्ग म्हणजे सोडणे. ज्याने तळे खोदले, विहीर बांधली, त्याने विधिपूर्वक संकल्प करायचा की हे पाणी मी सर्व प्राणिमात्रांसाठी सोडले. पैसा त्याचा, कष्ट त्याचे. तरी पुण्य केव्हा? ‘माझे’ हा शब्द सोडल्यावर! धरून ठेवलेल्या विहिरीला शास्त्र पूर्त म्हणायला तयार नाही.

या बाबतीत आपल्या समाजाकडून घोर पाप घडले आहे, तेही येथे बोलले पाहिजे. पाणवठ्यावर माणसामाणसांत भिंत घातली गेली. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा हे चोखोबारायांचे जन्मस्थान मानतात; त्या चोखोबांच्या वंशजांना गावच्या विहिरीवर हात लावू दिला नाही. अखेर 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळ भरावी लागली. नाथबाबांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात ओतले, ही कथा शतकानुशतके गाणाऱ्यांच्या गावात हे घडले! बहुवचनाला एकवचन करण्याचे पाप ते हेच. आज जातीची भिंत कायद्याने पडली, तिच्या जागी पैशाची भिंत उभी राहते आहे, एवढे ध्यानात ठेवा. एका गावी कीर्तनाला गेलो असता माझ्यापुढे थंडगार विकतचा जार ठेवला होता, आणि टाळकरी, विणेकरी मंडळी शेवाळलेल्या टाकीला ओंजळ लावून उभी होती. तो घोट माझ्या घशाखाली उतरेना. ज्याच्या पायावर डोके ठेवायचे त्याच्यासाठी वेगळे पाणी, ही कोणती पंगत?

आता पाण्याच्या शुद्धीकडे वळू. कारण पाणी असणे निराळे आणि पिण्याजोगे असणे निराळे.

आपल्या जिल्ह्यातच पाहा. घाटाखाली उतरले की पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा लागतो. बुलढाणा, अकोला, अमरावती या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. विहिरीत पाणी आहे, पण तोंडात घेववत नाही, पिकाला द्यावे तर जमीन खराब होते. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. आणि इकडे घाटावर लोणारला जा. खाली सरोवर खारे, क्षारयुक्त. आणि वर काठाच्या अंगाला गोमुखाची गोड धार! एकाच खडकातले, एकाच पावसाचे पाणी. मग एक गोड आणि दुसरे खारे का? धारेचे पाणी वाहते, देते. सरोवराला बाहेर जायला वाट नाही. येईल ते घ्यायचे, आणि उन्हाने पाणी उडाले की क्षार मागे धरून बसायचे. जे नुसते घेते आणि देत नाही, ते खारट होते. पाण्याचा हा न्याय माणसालाही लागू आहे, हे मी सांगायला हवे का?

वराहमिहिराचार्यांनी सहाव्या शतकात बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा अख्खा अध्याय भूमिगत पाण्यावर लिहिला. माणसाच्या अंगात जशा शिरा, तशा पृथ्वीच्या पोटात पाण्याच्या शिरा, असे ते म्हणतात. वेत, जांभूळ, उंबर, वारूळ यांवरून पाण्याची खूण कशी ओळखावी हे सांगतात, आणि विहिरीचे पाणी गढूळ किंवा बेचव असेल तर नागरमोथा, वाळा, आवळा, निवळीचे बी इत्यादींचे चूर्ण टाकावे असा योगही देतात. म्हणजे पाणी शोधणे आणि पाणी शुद्ध ठेवणे ही दोन्ही कामे एकाच शास्त्राची, हे पूर्वजांना ठाऊक होते. पण त्यांच्या काळी विहिरीच्या माथ्यावर युरियाचे पोते नव्हते, बोअरच्या कडेला संडासाचा शोषखड्डा नव्हता. निवळी गाळ खाली बसवते. पाण्यात विरघळलेले विष ती काढू शकत नाही.

ते विष दिसत नाही, हीच अडचण. उकिरड्याचा निचरा, शोषखड्डा, जास्तीचे खत यांतून नत्र पाण्यात उतरते. एका लिटरमध्ये नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर गेले की ते पिण्यास अयोग्य समजतात. तान्ह्या मुलाला ते फार बाधते, रक्तातली प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून बाळ निळसर पडते. आणि ध्यानात ठेवा, असे पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटले की ते दाट होते. जंतूंसाठी औषध निराळे: विहिरीत आणि टाकीत वेळच्या वेळी, बेताने टाकलेली ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीकडे त्यासाठी जलसुरक्षक नेमलेला असतो. पाणी तपासण्याच्या पेट्याही गावोगाव पोचल्या आहेत. पण पेटी कपाटात आणि पावडर ओल्या खोलीत पडून, असे किती ठिकाणी असेल ते आपापल्या गावी पाहून घ्या. आणि पातळी जशी खाली जाते तसे खालचे पाणी पुष्कळदा अधिक क्षारांचे लागते. म्हणजे उपसा आणि शुद्धी हे दोन प्रश्न नाहीत. विहीर जितकी रिती, तितकी तिची चव बिघडलेली.

उत्सवाने पाणी संपत नाही, असे मी वर म्हटले. उत्सवाने पाणी नासू मात्र शकते. लाख माणसांची विष्ठा, खरकटे, साबणाचे पाणी जर विहिरीच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठाला पडले, तर माणसे परत जातात आणि प्रसाद म्हणून मागे पटकी, कावीळ ठेवून जातात. म्हणून गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. पाणवठा झाडणे हे त्यांच्या कीर्तनाचे पूर्वरंग होते. दिंड्या चालवणाऱ्या चोपदारांनी, विणेकऱ्यांनी हे मनावर घ्यावे. ज्या गावाने आपल्याला पाणी पाजले त्या गावची विहीर आपण गेल्यावर होती त्याहून स्वच्छ असावी. नाही तर ती वारी पंढरीला पोचली तरी पांडुरंगाला पोचत नाही.

आणखी एक शंका. “अहो, शेगावच्या गजानन महाराजांनी अकोलीच्या रानात कोरडी विहीर भरली. आपणही नाम घ्यावे, विहिरी भरतील.” नाम घ्याच, नामाविण आपल्याला दुसरे साधन नाही. पण दासगणूंनी गायिलेली ती कथा पुरी ऐका. भास्कर पाटलाने तहानेल्या अतिथीला पाणी नाकारले, तेथे ती सुरू होते. आधी त्याच्या मनातला आड कोरडा होता. विहिरीला पाणी आले आणि भास्करालाही पाझर फुटला. पुढे तो महाराजांच्या पायाशी राहिला. चमत्कार विहिरीपुरता थांबला असता तर ग्रंथात कशाला आला असता? आपली विहीर महाराजांनी भरावी आणि आपले मन कोरडेच राहावे, असा नवस संत घेत नाहीत.

मनाला पाझर फुटलेले एक गाव सांगतो. नावही हिवऱ्याचेच. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार. गावोगाव बारवा बांधणाऱ्या अहिल्यामातेचे नाव त्या जिल्ह्याला 2024 साली लाभले. तेथे पाऊस आपल्यापेक्षा पुष्कळ कमी. गाव उजाड होऊन लोक मुंबई-पुण्याला मजुरीला जात. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने डोंगरावर चर खोदले, झाडे लावली, चराई बंद केली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. पाणी आले म्हणून गाव उधळले नाही. शेतीसाठी बोअर मारायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही असा नियम केला, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडू लागले. आधी माणसे, मग जनावरे, मग पिके; जेवढे उरेल तेवढ्याच पिकाचा बेत. पवारांना 2020 साली पद्मश्री मिळाली, परंतु मान खरा त्या ग्रामसभेचा. पाण्याचे एकवचन मोडून त्यांनी त्याला पुन्हा बहुवचनात चालवले. आपल्या बुलढाण्यातही नाले-तलावांतला गाळ काढण्याचे मोठे काम झाले, 2019 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत जिल्हा आला. यंत्रे येतात, योजना येतात आणि जातात. साठवलेले पाणी कोणी किती घ्यायचे हे यंत्र ठरवू शकत नाही. ते सभेतच ठरवावे लागते.

वारकऱ्याला नेम लागतो. माळ घातली की नेम आला. तेव्हा पाण्याचेही चार नेम सांगतो.

पहिला नेम मोजण्याचा. शासनाची भूजल यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्याही वाऱ्या चारच: आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. प्रत्येक वारीच्या एकादशीला विहिरीत दोरी सोडा, ओली गाठ पाहा आणि देवळाच्या भिंतीवर आकडा लिहा. कार्तिकीच्या आकड्यावरून रब्बी ठरवा. मोजले की भांडण कमी होते.

दुसरा नेम एकादशीचा. आपण उपवास करतो, विहिरीला का नको? महिन्यातल्या दोन एकादशांना शेतीच्या मोटरी बंद. पिण्याचे आणि गुरांचे तेवढे घ्यावे. गावाने एकत्र पाळला तर विहीर एका रात्रीत किती भरते हे डोळ्यांना दिसेल, आणि आपण किती ओरबाडतो हेही.

तिसरा नेम दानाचा. घराच्या, देवळाच्या, आश्रमाच्या छपरावरचे पावसाचे पाणी गाळून विहिरीत किंवा खड्ड्यात सोडावे. हजार चौरस फुटांच्या छपरावर आपल्याकडच्या पावसात सत्तर हजार लिटर पडते. बांध घाला, ठिबक वापरा, आणि बोअर मारण्याआधी शेजाऱ्याला विचारा, ‘तुझ्यासाठीही आणू का?’

चौथा नेम सोवळ्याचा. पूर्वी सोवळे माणसांपासून पाळले, ते चुकले. आता ते घाणीपासून पाळा. विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्डा नको, उकिरडा नको, धुणे नको. पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्यावे आणि निकाल गावाला वाचून दाखवावा.

हे नेम कठीण आहेत का? तुळशीची माळ घालून शाकाहार पाळणारे, ऊनपावसात महिनामहिना चालणारे आपण! आपल्याला हे कठीण जाणार नाही. फक्त ‘माझे’ हा शब्द गळ्यातून काढावा लागेल, आणि तो माळेपेक्षा जड आहे.

सप्ताहाची सांगता काल्याने होते. भगवान गोपालकृष्णांनी सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या. कोणाचे दही, कोणाच्या लाह्या, कोणाची नुसती शिळी भाकर. कालवल्यावर यातले माझे दही कोणते, असे विचारायची सोय राहिली नाही. जमिनीखाली भगवंताने असाच काला केला आहे. तुमच्या रानात पडलेला थेंब माझ्या विहिरीत आहे, माझ्या छपरावरचा थेंब उद्या तुमच्या लेकराच्या पेल्यात असेल. काल्याला ज्याची शिदोरी लहान त्यालाही मूठभर मिळते. भगवंत स्वतः वाटतो. पण एखादा पेंद्या जर परात उचलून पळू लागला, तर काला मोडतो. आणि काला मोडला म्हणजे सप्ताह सांग झाला असे वारकरी मानीत नाही.

तेव्हा आपापल्या गावी पुढच्या एकादशीला भजनाआधी विहिरीवर जा, दोरी सोडा, ओली गाठ किती हातांवर आली ते पाहा, आणि मग टाळ घ्या. पांडुरंग विटेवर उभा आहे. तहानलेला कोण आहे हे तो पाहतो.

॥ पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥